विहिरी व मलनिःसारण, ग्रामीण (शहापूर–मुरबाड)

ग्रामीण घराला पिण्याचे पाणी पुरविणारी विहीर आणि त्याच घरातील मैल्याची विल्हेवाट लावणारा खड्डा किंवा सेप्टिक टाकी यांच्यासंबंधीचे कायदे, मानके व रूढी यांचा अंतर्भाव या विषयात होतो. ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड हे तालुके या नियमनाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत. मुंबईला पाणी पुरविणारी मोठी धरणे याच मुलखात आहेत. तरीही येथील अनेक गावे व पाडे उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून असतात. विहिरीचा कायदा आणि शौचालयाचा कायदा हे दोन स्वतंत्र प्रवाहांतून विकसित झाले. परंतु घराच्या परसात विहीर व खड्डा हे शेजारी असल्यामुळे एकाच्या नियमनातील उणीव दुसऱ्याला बाधते. या दोन प्रवाहांचा येथे एकत्रित परामर्श घेतला आहे.

भूस्वरूप व जलस्रोत : दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर व पायथ्याशी वसलेले आहेत. वार्षिक पर्जन्यमान भरपूर असले, तरी जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भूस्तर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. हा खडक मुळात अभेद्य. त्यात पाणी साठते व वाहते ते केवळ वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या सांध्यांत व भेगांत. उतारावर मुरमाचा थर पातळ असतो. त्यामुळे पावसाळ्यात भूजलाची पातळी जमिनीलगत येते आणि पावसानंतर ती झपाट्याने खाली जाते. श्रावणात कठड्याजवळ आलेले विहिरीचे पाणी चैत्र-वैशाखात तळ गाठते. अशा वेळी ओढ्यांच्या पात्रांत खणलेले डवरे व डोंगरातील झरे हाच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इ. आदिवासी वस्त्यांचा आधार असतो [⟶ भूजल].

पूर्वपरंपरा : या भागातील पाण्याच्या सार्वजनिक सोयीचा इतिहास फार जुना आहे. मुरबाड तालुक्यातून घाटमाथ्यावर जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकालीन खोदीव टाकी असून तेथील लेखांत अशी टाकी (पोढी) दान केल्याचे उल्लेख आहेत. शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावरही खडकात खोदलेली टाकी आहेत. नंतरच्या काळात गावोगावी पायऱ्यांच्या बावी व आड बांधले गेले. विहीर बांधणे हे पुण्यकर्म मानले जाई आणि पाणवठ्याजवळ घाण करणे निषिद्ध समजले जाई. प्रातर्विधीसाठी वस्तीपासून दूर रानात जाण्याची रीत होती. विरळ वस्तीत तिच्यामुळे विहिरीचे काही अंशी संरक्षण होत असे. मात्र पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर उघड्यावरची घाण ओढ्यांत व उघड्या विहिरींत उतरे आणि पटकीसारख्या साथी उद्‌भवत. पायऱ्यांच्या विहिरींचा एक निराळा दोष होता. पाण्यात उतरून भांडी भरण्याच्या पद्धतीमुळे नारू या रोगाचा प्रसार होई. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत पायऱ्या बंद करून रहाटाच्या विहिरी करण्यावर भर देण्यात आला. भारतातील नारूचा अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

ब्रिटिश अंमल : विहिरीसंबंधीच्या आधुनिक कायद्याचा आरंभ मालकी हक्कापासून झाला. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. निश्चित प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व वापरण्याचा जमीनमालकाचा हक्क या अधिनियमाने मान्य केला. एकाने खोल विहीर खणली व शेजाऱ्याची आटली, तर तक्रारीस जागा राहिली नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २७७ प्रमाणे सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी हेतुपुरस्सर दूषित करणे हा गुन्हा ठरला. त्यास कमाल तीन महिन्यांचा कारावास किंवा पाचशे रुपये दंड होता. ही तरतूद सार्वजनिक पाण्यापुरती होती व तीत हेतू सिद्ध करावा लागे. नकळत झिरपणारा मैला तिच्या कक्षेत येत नव्हता. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ मध्ये ही शिक्षा सहा महिने व दंड पाच हजार रुपये अशी वाढविण्यात आली आहे.) १८८९ मध्ये मुंबई ग्राम स्वच्छता अधिनियम संमत झाला. गावाच्या स्वच्छतेचा स्वतंत्र विचार करणारा हा इलाख्यातील आरंभीचा कायदा होय.

याच सुमारास मुंबई शहराच्या पाण्यासाठी शहापूर तालुक्यात तानसा नदीवर धरण बांधण्यात आले (१८९२). विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे साष्टी बेटावरील तलाव वाढत्या शहराला अपुरे पडू लागल्यामुळे हे पाऊल उचलावे लागले. शहरासाठी येथील पाणी अडविले गेले व तलावाभोवतालचे रान राखले गेले. १९७० मध्ये तानसा अभयारण्यही घोषित झाले. त्याच खोऱ्यातील पाड्यांच्या विहिरींना मात्र असे पाणलोटाचे संरक्षण लाभले नाही. साथीच्या दिवसांत विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकणे हाच सरकारी उपाय दीर्घकाळ रूढ होता. दूषितीकरण घडू न देण्यापेक्षा ते घडल्यावर पाणी शुद्ध करण्याकडे धोरणाचा कल राहिला.

पाणवठ्याचा हक्क : पाणी शुद्ध आहे की नाही, यापूर्वी ते कोणास भरता येते, हा प्रश्न महाराष्ट्रातील खेड्यांत अधिक तीव्र होता. सार्वजनिक विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या जातींना मज्जाव असे. त्यांना ओढ्याचे किंवा डबक्याचे, म्हणजे गावातील सर्वांत दूषित, पाणी वापरावे लागे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने सरकारी व सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इ. सर्वांना खुले करावेत, अशी शिफारस केली. या ठरावाची अंमलबजावणी होत नाही, हे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाने देशापुढे आणले. त्या तळ्यासंबंधीचा वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी व तलाव यांच्या वापरास जातिभेदाची आडकाठी असणार नाही, असे स्पष्ट नमूद आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली व १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय ठरविले. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या पुढील सर्व योजनांचा पाया हा हक्क आहे.

ग्रामपंचायती व कूपनलिका : १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) घरगुती वापराचे पाणी, विहिरींची साफसफाई, गटारे व शौचालये हे विषय पंचायतींच्या कर्तव्यांत समाविष्ट केले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर पाणीपुरवठ्याच्या बांधकामास तांत्रिक यंत्रणा मिळाली. १९७२ च्या दुष्काळात कठीण खडकात यंत्राने छिद्र घेऊन कूपनलिका (विंधन विहिरी) खणण्याचे तंत्र राज्यभर पसरले. जालना व सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांच्या अनुभवावर ‘इंडिया मार्क–२’ हा पंप आधारलेला आहे. तोंड बंद असल्यामुळे कूपनलिकेचे पाणी उघड्या विहिरीपेक्षा सुरक्षित, हा समज तेव्हापासून रूढ झाला. तो अंशतःच खरा आहे. नळीभोवतीची पोकळी वरच्या थरात सिमेंटने नीट बुजविली नसेल किंवा ओटा फुटला असेल, तर सांडपाणी नळीच्या कडेने थेट खालच्या भेगांत जाते.

भूजलाचा उपसा वाढल्यावर मालकी हक्काच्या जुन्या तत्त्वास मर्यादा घालणे भाग पडले. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ विनियमन) अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवापासून ५०० मी. अंतराच्या आत, त्याच पाणलोट क्षेत्रात, पूर्वपरवानगीशिवाय विहीर घेण्यास बंदी केली. त्याची जागा घेणारा २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम १ जून २०१४ पासून अंमलात आला. त्यात विहिरींची व छिद्रण-यंत्रांच्या मालकांची नोंदणी तसेच शेती व उद्योग यांसाठी ६० मी. वा त्याहून खोल विहिरींस मनाई, अशा तरतुदी आहेत. पाण्याच्या प्रमाणाचे रक्षण हा या दोन्ही अधिनियमांचा मुख्य रोख आहे. ५०० मीटरांची मर्यादा एका विहिरीचे दुसरीपासून रक्षण करते. विहिरीचे खड्ड्यापासून रक्षण करणारे नियम निराळ्या ठिकाणी, बांधकामाच्या नियमांत व भारतीय मानकांत सापडतात.

ग्रामीण शौचालये : महाराष्ट्रात खेड्यातील शौचालयाचा विचार सरकारी योजनांपूर्वी रचनात्मक कार्यकर्त्यांनी केला. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले व भंगीमुक्तीच्या कार्यास त्यांची जोड दिली. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी मैल्यापासून जैववायू निर्माण करणाऱ्या शौचालयांचा प्रसार केला. पाणी-सापळ्याचे भांडे व दोन शोषखड्डे ही पद्धत पुढे सर्वमान्य झाली. तीत एक खड्डा भरल्यावर मैला दुसऱ्यात वळवितात. पहिल्यातील मैला सुमारे दीड ते दोन वर्षांत कुजून निर्धोक खत बनतो. केंद्र पुरस्कृत ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम (१९८६), संपूर्ण स्वच्छता अभियान (१९९९), महाराष्ट्राचे संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान (२०००-०१) व स्वच्छ भारत अभियान (२०१४) हे या वाटचालीतील मुख्य टप्पे होत. घरी शौचालय असणे व त्याचा नियमित वापर करणे ही ग्रामपंचायत सदस्यत्वाचीही अट झाली. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित करण्यात आला. मोहिमांचे मोजमाप बांधलेल्या शौचालयांच्या संख्येवर होत गेले. खड्डा कोठे व कसा खणला, याची नोंद तितक्या काटेकोरपणे झाली नाही.

सेप्टिक टाकी : ही जलाभेद्य तळ व भिंती असलेली बंद टाकी होय. तीत मैलापाणी सुमारे एक दिवस किंवा अधिक काळ स्थिर राहते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग साय होऊन वर तरंगतो आणि हवेविना वाढणारे सूक्ष्मजंतू तळचा गाळ अंशतः पचवितात. भारतीय मानक २४७० नुसार टाकीची किमान रुंदी ७५० मिमी., पाण्याची किमान खोली १ मी. व किमान धारणक्षमता १ घ. मी. असावी, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवतात. पाच माणसांच्या घरास १.५ मी. लांब व ०.७५ मी. रुंद टाकी पुरते. गाळ ठराविक काळाने उपसावा लागतो. तो माणसाकडून असुरक्षितपणे उपसवून घेण्यास २०१३ च्या अधिनियमाने बंदी असल्यामुळे हे काम यंत्राने करणे आवश्यक आहे. परंतु पाड्यांकडे जाणाऱ्या अरुंद वाटांवर उपसा-गाडी पोहोचणे कठीण असते.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ झाले, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः त्यात रोगजंतू मोठ्या प्रमाणावर शिल्लक असतात. त्यांचा खरा नाश पुढील शोषखड्ड्याभोवतीच्या मातीत होतो. टाकी हा शुद्धीकरणाचा पहिला टप्पा आणि माती हा दुसरा. खर्च वाचविण्यासाठी तळाला काँक्रीट न घालता बांधलेली टाकी ही सेप्टिक टाकी नव्हे. तो केवळ झिरपणारा मैलाखड्डा ठरतो. अशी ‘टाकी’ वर्षानुवर्षे भरत नाही याचे मालकास समाधान वाटते. पण ती न भरण्याचे कारण तिच्यातील पाणी जमिनीत जात असते, हे असू शकते.

अंतराचा प्रश्न : बांधकाम नियमावल्यांत पिण्याच्या विहिरीचे संडास व कचराखड्डा यांपासूनचे अंतर किमान १५ मी. आणि शोषखड्ड्यापासूनचे किमान १८ मी. सांगितले असून विहीर उताराच्या वरच्या अंगास असावी, अशी अट आहे. मानक २४७० मध्येही शोषव्यवस्थेसाठी १८ मीटरांचीच मर्यादा आहे. ग्रामीण शोषखड्ड्यांविषयीचे मानक १२३१४ (१९८७) मात्र भूजलपातळीप्रमाणे अंतर ठरविते. खड्ड्याचा तळ वर्षभरातील सर्वोच्च भूजलपातळीहून २ मी. वा अधिक उंच असेल व माती बारीक कणांची असेल, तर ३ मी. अंतर चालते, तसे नसेल, तर १० मी. आवश्यक असते. माती भरड असल्यास खड्ड्याचा तळ बंद करून भोवती ५०० मिमी. जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा लागतो.

या आकड्यांमागे एक गृहीत आहे, ते म्हणजे माती. बारीक मातीतून पाणी सावकाश जाते व वाटेत जंतू गाळले जातात. बेसाल्टच्या भेगेतून पाणी गाळले न जाता वाहते. तेथे १८ मीटरांचे अंतर काही वेळा फारच थोडे ठरते. मानक २४७० मध्येच भेगाळ खडकात शोषव्यवस्था करू नये, कारण खडकातील वाटांनी दूषित पाणी दूरवर जाऊ शकते, अशी सूचना आहे. शहापूर-मुरबाडच्या उतारावरील पुष्कळ घरांना हाच इशारा लागू पडतो. दुसरी अडचण ऋतूची. शौचालयांचे खड्डे बहुधा उन्हाळ्यात खणले जातात. वैशाखात तळापर्यंत कोरडा असलेल्या खड्ड्यात श्रावणात भूजल चढते. उन्हाळी पाहणीत नियमानुसार ठरलेला खड्डा पावसाळ्यात नियमबाह्य होतो आणि नेमक्या त्याच काळात विहिरी भरलेल्या व साथी जवळ आलेल्या असतात. म्हणून खड्ड्याची जागा ठरविताना शेजारच्या विहिरीची भाद्रपदातील पातळी, उताराची दिशा व मुरमाची जाडी या तीन गोष्टी पाहणे आवश्यक ठरते. उथळ खड्डे, उंच जोत्यावरील शौचालये, वाळूचा वेढा व तळ बंद करणे हे उपाय मानकांस धरून असून खर्चाच्या दृष्टीनेही आटोक्यातील आहेत.

देखरेख : पंचायतीच्या पातळीवर पाण्याचे निर्जंतुकीकरण ब्लीचिंग पावडरने (टीसीएलने) केले जाते, १,००० लिटर पाण्यास साधारणपणे ५ ग्रॅ. हे प्रमाण धरतात. ४ मी. व्यासाच्या विहिरीत ३ मी. पाणी असल्यास ते सुमारे ३७,७०० लिटर भरते व त्यास जवळजवळ १९० ग्रॅ. पावडर लागते. हे काम करणाऱ्या सेवकास जलसुरक्षक म्हणतात. राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, सार्वजनिक उद्‌भवांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळी किंवा हिरवी कार्डे दिली जातात. उद्‌भवाभोवतीची घाण, फुटका ओटा, गळकी जलवाहिनी व शुद्धीकरणातील त्रुटी यांची तपासणी त्यात होते. या व्यवस्थेची मर्यादा अशी की, तिचा भर सार्वजनिक उद्‌भवावर असतो. परसातील खाजगी विहिरीची जबाबदारी मुख्यतः मालकावरच राहते.

सद्यःस्थिती : भातसा धरणाच्या पूर्ततेनंतर मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग शहापूर तालुक्यातील या एका प्रकल्पातून जाऊ लागला. स्थानिक गावांसाठी इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखण्यात आली, तर २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरास नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ आल्यावर घरातील पाण्याचा वापर वाढतो, साध्या खड्ड्याच्या जागी सेप्टिक टाकी येते व जमिनीत जाणारे मैलापाणीही वाढते. त्याच वेळी विहिरीकडे दुर्लक्ष होते. परंतु उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की कुटुंब त्याच विहिरीकडे परतते. मुंबई–नाशिक महामार्ग व कल्याण–माळशेज रस्ता यांच्या परिसरात उभ्या राहिलेल्या शेतघरांनी व भूखंड-वसाहतींनी नवी भर घातली आहे. त्यांची कूपनलिका व शोषखड्डा एकाच छोट्या भूखंडात असतात आणि अनेकदा वसाहत चढावर व जुना पाडा उतारावर असतो. प्रत्येक भूखंड स्वतःपुरता नियम पाळत असला, तरी खालच्या विहिरीत सर्वांचे पाणी एकत्र येते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना पेसा कायद्याने (१९९६) व त्याखालील २०१४ च्या राज्य नियमांनी लघु जलसंपत्तीविषयी अधिकार दिलेले आहेत. चढावरचा खड्डा व उतारावरची विहीर यांचा एकत्र विचार करू शकणारी, गावाच्या सर्वांत जवळची संस्था ग्रामसभा हीच होय.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळच्या या नियमनात विहिरीची मालकी, तिच्यावरील सर्वांचा हक्क व तिच्यातील पाण्याचे प्रमाण हे विषय क्रमाक्रमाने कायद्याच्या कक्षेत आले. तिच्यातील पाण्याची शुद्धता मात्र अद्याप बव्हंशी मीटरांच्या आकड्यांवर सोपविलेली आहे. तानसाच्या तलावाभोवती शहरासाठी जे संरक्षण शंभर वर्षांपूर्वी आवश्यक मानले गेले, त्याच तत्त्वाने पाड्याच्या विहिरीभोवतीचा उतार राखणे हा या नियमनाचा अपुरा राहिलेला भाग आहे.